मदत हवी: फ्युनरल डायरेक्टरचं लायसन्स दुसऱ्या स्टेटमध्ये ट्रान्सफर कसं करायचं? (तातडीचं)

रानजाई
नमस्कार. मी नऊ वर्षं फ्युनरल होममध्ये काम करतेय. एम्बामिंग (मृतदेह औषधं घालून टिकवणं), घरच्यांशी बोलणं, कागदपत्रं, व्ह्यूइंग (अंत्यदर्शन), सगळं. आता न्यू जर्सीत एडिसनला नोकरी मिळाली आहे, 1 तारखेला रुजू व्हायचंय, घराच्या लीजवर सही झालीय. काल तिथल्या मॅनेजरने लायसन्स नंबर मागितला. ट्रान्सफरचा फॉर्म कुठे मिळतो आणि किती दिवस लागतात? बोर्डाच्या साइटवर वाचून वाचून डोकं उठलंय. कृपया "वकील गाठा" नको. "ताई, भीती नाही का वाटत?" हेही नको.

घाटावरचा
तेच विचारणार होतो. बसतो गप्प.

टर्नपाइककर
ट्रान्सफर असं काही नसतं हो. प्रत्येक स्टेटचं बोर्ड वेगळं. तुमचं आत्ताचं लायसन्स कुठलं, किती साली मिळालं, एनबीईची परीक्षा पास आहात का, हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार? न्यू जर्सीत "प्रॅक्टिशनर ऑफ मॉर्च्युअरी सायन्स" असं एकच लायसन्स आहे, डायरेक्टर आणि एम्बामर वेगळे नाहीत. टेक्साससारख्या ठिकाणी दोन वेगळी असतात.

मुळामुठा
पुण्यात असलं काही लागत नाही. डॉक्टरांचं सर्टिफिकेट घ्यायचं, महापालिकेचा पास काढायचा, वैकुंठ स्मशानभूमीत न्यायचं. एम्बामिंग हवं असेल तर मेडिकल कॉलेजच्या अ‍ॅनाटॉमी विभागात होतं. अमेरिकेत मेल्यावरसुद्धा लायसन्स!

टर्नपाइककर
मेलेल्याला नाही लागत, काका.

सॅनहोजेकर
ताई, एडिसन सोडा, कॅलिफोर्नियाला या. इथे फ्युनरल डायरेक्टर व्हायला मॉर्च्युअरी कॉलेज लागतच नाही. असोसिएट डिग्री आणि राज्याची परीक्षा, बास. माझ्या मेव्हणीने बँकेतली नोकरी सोडून केलं.

टर्नपाइककर
त्या लायसन्सवर एम्बामिंग करता येत नाही, त्याला एम्बामरचं वेगळं काढावं लागतं, हेही सांगा की. आणि त्यांची नोकरी एडिसनला आहे.

रानजाई
कॅलिफोर्निया नको. मी डेन्व्हरजवळ ऑरोरात आहे. एनबीई म्हणजे नॅशनल बोर्ड ना? त्याचा नऊ वर्षांत मला कुणी प्रश्न विचारला नाही. फॉर्मचं सांगा ना कुणीतरी.

टर्नपाइककर
आत्ता कळलं! कोलोरॅडो. अहो, मग तुमच्याकडे लायसन्स आहे कुठे? तिथे 1983 साली फ्युनरलवाल्यांचं लायसन्सच रद्द केलं होतं. फ्युनरल होमची नोंदणी असते, माणसाला लायसन्स नाही. मॅनेजरला नंबर काय देणार?

कोकणी_वाघ
हे पटत नाही. अमेरिकेत लायसन्सशिवाय केस कापता येत नाहीत. फेडरल काहीतरी असणारच.

मिसिसॉगाची_मावशी
फेडरल म्हणजे एफटीसीचा (ग्राहकांचं हित बघणारं केंद्रीय खातं) 1984 पासूनचा फ्युनरल रूल. तो दरपत्रकाचा आहे, गिऱ्हाइकाला छापील भाव हातात द्यायचे एवढंच. परवान्याशी संबंध नाही. आणि कोलोरॅडोचं खरं आहे. 2023च्या ऑक्टोबरात पेनरोज गावात एका इमारतीत 190च्या आसपास कुजलेले मृतदेह सापडले, तेव्हा कुठे सरकार हललं. 2024 साली कायदा झाला, 1 जानेवारी 2027 पासून तिथेही लायसन्स सक्तीचं. जुन्या लोकांना अनुभवावर लायसन्स मिळायची सोय ठेवलीय.

सॅनहोजेकर
मग सोपं आहे. ताई, कोलोरॅडोचं नवीन लायसन्स आधी घ्या आणि त्यावर न्यू जर्सीचं मागा. किंवा अ‍ॅरिझोना. त्यांनी 2019मध्ये बाहेरची लायसन्सं सरसकट मानायचा कायदा केला.

टर्नपाइककर
बाहेरचं लायसन्स मानतात. नसलेलं कसं मानणार? आणि निव्वळ अनुभवावर मिळालेलं लायसन्स न्यू जर्सीने समकक्ष धरावंच असं नाही. इथे शिक्षण, एनबीई, इंटर्नशिप आणि राज्याच्या कायद्याची परीक्षा असा रस्ता आहे. रानजाई ताई, शिक्षण कुठलं? लिटलटनचं अरापाहो कम्युनिटी कॉलेज केलंत का? ते एबीएफएसई (फ्युनरलचं शिक्षण देणाऱ्या कॉलेजांना मान्यता देणारं मंडळ) मान्यताप्राप्त आहे, मग अर्धी लढाई जिंकलीत.

नागपुरी_संत्रा
थोडं अवांतर. माझ्या भावाच्या सासऱ्यांच्या अस्थी पुढच्या आठवड्यात नेवार्कहून मुंबईला आणायच्या आहेत, पुढे नाशिकला रामकुंडात. पितळेचा छान डबा घेतलाय. हातातल्या बॅगेत चालेल का? चेक-इनमध्ये टाकायला मन होत नाही.

कोकणी_वाघ
पितळ पवित्र. चालेल.

घाटावरचा
धागा भरकटला. पॉपकॉर्न.

रानजाई
हो, अरापाहोच केलंय. मान्यताप्राप्त आहे हे माहीत होतं म्हणूनच वाटलं की झालं सगळं. आता सांगतेच. एनबीई मी दिली होती. तिचे दोन भाग, आर्ट्स आणि सायन्सेस. आर्ट्स पास झाले, सायन्सेसमध्ये 73 मिळाले, पासिंग 75. तेव्हा इथे कुणी विचारतच नव्हतं, सरांनी सोमवारपासून कामावर ये म्हटलं, परत बसायचं राहून गेलं. पहिल्या पोस्टमध्ये लिहायची लाज वाटली. नऊ वर्षांत एकही केस माझ्या हातून बिघडली नाही, हे कुठे लिहायचं?

टर्नपाइककर
ते कव्हर लेटरमध्ये लिहा, बोर्डाला 75 हवेत. नेवार्कला न्यू जर्सीच्या बोर्ड ऑफ मॉर्च्युअरी सायन्सला फोन करा आणि नेमकं विचारा: जुने आर्ट्सचे मार्क धरतात का, की दोन्ही पुन्हा, आणि नऊ वर्षांतलं काही इंटर्नशिपमध्ये मोजतात का. मार्कांचा अधिकृत उतारा एनबीई घेणाऱ्या संस्थेकडूनच (तिला कॉन्फरन्स म्हणतात) मागवा. परीक्षा पिअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या सेंटरवर असते, त्यासाठी एडिसनला पोचायची वाट बघू नका. आणि मॅनेजरला आजच खरं सांगा. त्याला हिंदू कुटुंबांशी मराठी-गुजराती-हिंदीत बोलणारं माणूस हवं असणार, इंटर्न म्हणून घेईलही. लायसन्सशिवाय कशाला हात लावायचा नाही, हे त्याच्याकडून लेखी घ्या.

सॅनहोजेकर
माझं अजूनही मत, कॅलिफोर्निया.

रानजाई
सोमवारी फोन करते. मॅनेजरला मेल लिहिलाय, पाठवायचाय. सायन्सेसचं पुस्तक माळ्यावरच्या खोक्यात सापडलं.

नागपुरी_संत्रा, पितळेचा डबा हातातल्या बॅगेत नेऊ नका. एक्स-रेत आतलं दिसलं नाही तर अडवतात, आणि सिक्युरिटीवाले डबा उघडत नाहीत, तुम्ही म्हणालात तरी नाही. लाकडी किंवा प्लास्टिकचा घ्या, पितळेचा रिकामा चेक-इनमध्ये टाका, नाशिकला गेल्यावर त्यात घ्या. डेथ सर्टिफिकेट आणि क्रिमेशनचं सर्टिफिकेट, दोन्हीच्या प्रती हाताशी ठेवा. एअरलाइनला आधी कळवा. अडलं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, माझी रात्रपाळी आहे.