शांघायचा बंड: शब्द आपल्याकडचाच

एकाने विचारलंय की शांघायच्या 'बंड'चा, म्हणजे तिथल्या नदीकाठच्या जुन्या इमारतींच्या रस्त्याचा, जर्मन 'बुंड' (संघ) या शब्दाशी संबंध आहे का. नाही हो! मूळ फारसी 'बंद', म्हणजे बांध. तो हिंदुस्तानीतून इंग्रजांच्या तोंडी बसला आणि तिथून चीनला गेला. पुण्याच्या बंड गार्डनमधला बंड तोच, मुळा-मुठेवरच्या बंधाऱ्याचा. बंडखोरीशी दोघांचंही काही देणंघेणं नाही.

चिनी लोक मात्र त्याला 'वायतान' म्हणतात, म्हणजे बाहेरचा काठ. १८४३ मध्ये शांघाय बंदर इंग्रजांना खुलं झालं. त्याआधी हुआंगपू नदीच्या या चिखलट काठावर दोर खांद्यावर घेऊन नावा ओढणाऱ्यांची पायवाट होती. मग भराव पडला, धक्के झाले, पेढ्या आल्या. घड्याळाच्या मनोऱ्याची कस्टम हाऊसची इमारत १९२७ ची.

तिच्यापासून थोडं उत्तरेला हिरव्या टोकदार छपराचं ससून हाऊस आहे, १९२९ चं. ते बांधणाऱ्या व्हिक्टर ससूनचे पणजोबा डेव्हिड ससून, म्हणजे पुण्याच्या ससून रुग्णालयाला देणगी देणारे. या घराण्याच्या चीनमधल्या पैशात मुंबईहून जाणाऱ्या अफूचा वाटा मोठा होता, हे त्या देखण्या दगडी इमारतींचे फोटो बघताना सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.