मदत हवी आहे : पंख असलेल्या ड्रॅगनवंशाला उड्डाण केव्हा द्यावे?

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून पात्रे रंगवण्याच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीसाठी मी ड्रॅगनसारखा, पण दोन पायांवर चालणारा एक होमब्रू (स्वतः रचलेला, अधिकृत नसलेला) वंश तयार करत आहे आणि त्याच्या पंखांबाबत अनुभवी डीएम (खेळ चालवणाऱ्या) मंडळींचा सल्ला हवा आहे. २०१४ च्या नियमांतील ड्रॅगनबॉर्न या अधिकृत ड्रॅगनवंशाला पंख नाहीत, आणि त्याचा २डी६ (सहा बाजूंच्या दोन फाशांइतक्या) इजेचा फूत्कार एकदा वापरला की शॉर्ट किंवा लाँग रेस्ट (छोटी किंवा मोठी विश्रांती) घेईपर्यंत संपतो. हे मला फार तोकडे वाटते, म्हणून प्रोफिशियन्सी बोनसइतक्या (लेव्हलसोबत वाढणाऱ्या आकड्याइतक्या) वेळा वापरता येणारा १डी१० चा फूत्कार मी घेतला. तिथवर सारे ठीक होते.

मात्र पहिल्या लेव्हलपासून ३० फुटांचे उड्डाण दिल्यावर गणित बिघडले. चाचणीच्या खेळात समोर लांडग्यांचा कळप होता. खेळाडूने आपली मिनिएचर (पात्राची छोटी मूर्ती) उंची दाखवायला फाशांच्या डबीवर उभी केली आणि वरून एकेक लांडगा बाणाने टिपला, तर खाली त्याच्या सोबत्यांचे हिट पॉइंट्स (प्राणशक्तीचे गुण) संपत आले. बाकीच्यांचा खेळ असा हिरावला जावा, हे मला मनापासून खटकले.

२०२४ च्या नियमांत ड्रॅगनबॉर्नला पाचव्या लेव्हलपासून, लाँग रेस्टमागे एकदाच, दहा मिनिटे उड्डाण मिळते. पण जन्मतः पंख असलेला जीव चार लेव्हल ते मिटून का चालेल, हे कथेत कसे पटवावे? सुरुवातीला केवळ तरंगत उतरण्याची क्षमता द्यावी आणि पुढे उड्डाण दिले तरी प्रत्येक टर्नच्या शेवटी जमिनीवर पाय टेकणे बंधनकारक ठेवावे, असा माझा विचार आहे. ज्यांनी असा नियम प्रत्यक्ष वापरला आहे, त्यांनी तो कितपत टिकला हे कृपया सांगावे. जड चिलखत घातल्यास पंख निरुपयोगी ठरवावेत का, यावरही मत हवे आहे.