वाद, भांडण, कुरबुर, धुसफूस: नाताळात नको ते नेमकं काय?

प्रश्न (घोडबंदर रोड, ठाणे)
नाताळच्या सुट्टीत शाळा बंद, म्हणून दीर-जाऊ आणि नणंद मुलांसह आमच्याकडे मुक्कामाला येतात. घर भरलं की आनंदच होतो. पण तिसऱ्या दिवशी गावच्या जमिनीचा नाहीतर मुलांच्या मार्कांचा विषय निघतो आणि जेवणाची चव जाते. फॅमिली ग्रुपवर आधीच दोन ओळी टाकाव्यात म्हणते. 'वादविवाद टाळू या' हे शाळेच्या स्पर्धेसारखं वाटतं, 'भांडण' फार जड होतं. कोणता शब्द बसेल?

नेरूळहून
वादाला विषय असतो, भांडणाला माणूस लागतो. न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत: सत्य शोधायला केलेला तो वाद, जिंकण्यासाठी केलेला तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याचं फक्त खोडत बसणं ती वितंडा. आपला 'वितंडवाद' तिथलाच. म्हणजे मूळ 'वाद' चांगलाच शब्द, त्याला घरातून हाकलू नका. बाचाबाची झाली की शेजाऱ्यांना ऐकू जातं, हमरीतुमरीत माणसं हातघाईवर यायच्या बेतात असतात. कुरबुर म्हणजे दबक्या आवाजातली तक्रार. तुमच्याकडे आहे ती धुसफूस. तोंडाने कुणी काही बोलत नाही, पण भांडी जरा जोरात आपटली जातात. माझ्या मते सगळ्यात जपायचं ते इथेच, कारण आवाज चढला की मग शब्दाने शब्द वाढतो.

ठाण्याहून, ईस्ट इंडियन (मुंबई-ठाणे-वसईकडच्या मूळच्या कॅथलिक ख्रिस्ती) घरातून
'नाताळ' पोर्तुगीज 'नाताल'वरून आला, अर्थ जन्म. ठाणं 1737 पर्यंत पोर्तुगीजांकडे होतं, तेव्हा हा शब्द इथल्या मातीतलाच समजा. आमच्याकडे नाताळाआधी कलकल (तळलेला गोड फराळ) करायला सगळे एका टेबलाभोवती बसतात. पिठाची गोळी काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळायची आणि कड नीट चिकटवायची, नाहीतर तेलात उलगडते. अबोला धरलेल्या दोघांना मुद्दाम शेजारी बसवतात. 'कड दाब', 'पीठ सरकव' एवढं तरी बोलावंच लागतं. भांडण मिटण्याला आम्ही 'समेट' म्हणतो. वेदीवर दान ठेवण्याआधी भावाशी समेट कर, असं मराठी बायबलात आहे. मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर घेण्याच्या, आधी एकमेकांना शांती देतात, तेव्हा घरच्यांकडे वळून हात जोडताना मन खरंच हलकं होतं.

वाशीहून
'टाळणे' हाही शब्द तपासा. कानाडोळा केला की आपण पाहिलंच नाही असं दाखवतो, मनातलं मनातच राहतं. बगल दिली की विषय पुन्हा उद्या येतो. 'पोटात घालणे' यात मात्र चूक दिसते, कळते आणि तरी माफ केली जाते. हे मोठ्यांनी करायचं, धाकट्यांकडून मागायचं नाही. सुनेला 'तूच पोटात घाल' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

पुन्हा घोडबंदर रोड
'धुसफूस' पटला, पण ग्रुपवर लिहिला तर ज्याला लागायचा त्याला लागेलच. यजमानांशी बोलून असं लिहिते: 'जमिनीचं बोलणं सोमवारी सकाळी, चहानंतर, फक्त मोठ्यांत. मार्कांबद्दल मुलांना कुणी विचारायचं नाही.'

नेरूळहून
छान. 'बोलणं' हाच शब्द ठेवा. जमिनीच्या कामात 'बोलणी' म्हटलं की सौदा वाटतो.