मदत हवी आहे: टूलबारवरचं बटण दाबलं की एक्सेल गेल्या महिन्याची फाइल उघडतं

नमस्कार मंडळी,

गावच्या दूध संस्थेचा हिशेब मी एक्सेल २०१६ वर ठेवतो. फॅट-एसएनएफवरून (दुधातली स्निग्धता आणि बाकीचे घन पदार्थ) दर लावून दहा दिवसांची बिलं काढणारा मॅक्रो (एक्सेलमधला छोटा प्रोग्रॅम) आहे, त्याचं बटण क्विक अ‍ॅक्सेस टूलबारवर (खिडकीच्या वरच्या छोट्या बटणपट्टीवर) बसवलंय.

मेची फाइल कॉपी करून जूनची केली. बटण दाबलं तर मेची फाइल आपोआप उघडली आणि बिलंही मेचीच निघाली! वाटपाआधी लक्षात आलं म्हणून बरं, लोकांच्या घामाचे पैसे आहेत हे. मेची फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली, तर आता 'कॅननॉट रन द मॅक्रो' येतं. पण ऑल्ट+एफ८ दाबून, मॅक्रोंच्या यादीतून तोच मॅक्रो चालवला की बिनतक्रार चालतो. म्हणजे सिक्युरिटीचा प्रश्न नसावा.

मित्राच्या सांगण्यावरून मॅक्रो पर्सनल.एक्सएलएसबीमध्ये (एक्सेलसोबत आपोआप उघडणारी, मॅक्रो ठेवायची लपलेली फाइल) टाकला, बटण नव्याने लावलं. आता 'रन-टाइम एरर ९, सबस्क्रिप्ट आउट ऑफ रेंज'. संकलनाची शीट जिथे धिसवर्कबुकमधून घेतलीय, त्याच ओळीवर अडतं. शीटचं नाव रोमन अक्षरांतच आहे (देवनागरी नावाची कोडमध्ये प्रश्नचिन्हं होतात, तो त्रास आधीच झालाय).

परवा १ ते १० जूनची बिलं द्यायची आहेत. कुठे चुकतंय?

प्रतिसाद:
दादा, त्या बटणात मॅक्रोच्या नावासोबत फाइलचा पूर्ण पाथ (फाइल कुठल्या फोल्डरमध्ये आहे तो पत्ता) साठवलेला असतो. फाइलची कॉपी केली तरी बटण मूळ फाइलकडेच जातं. ऑल्ट+एफ८ मध्ये तुम्ही समोरच्या फाइलमधला मॅक्रो निवडता, म्हणून तो चालतो. मित्राचा सल्ला बरोबर आहे, फक्त काम अर्धं राहिलंय. धिसवर्कबुक म्हणजे ज्या फाइलमध्ये कोड आहे ती. आता ती पर्सनल आहे आणि तिच्यात संकलनाची शीटच नाही. तिथे अ‍ॅक्टिव्हवर्कबुक (म्हणजे समोर असलेली फाइल) लिहा, सगळ्या ओळींत. एकही राहू देऊ नका.

पण एक धोका आहे. आता जी फाइल समोर असेल तिची बिलं निघतील. म्हणून मॅक्रोच्या सुरुवातीलाच एमएसजीबॉक्समध्ये (स्क्रीनवर येणाऱ्या संदेशाच्या चौकटीत) फाइलचं नाव दाखवून हो-नाही विचारा. पैशाच्या कामात ही एक ओळ हवीच.

धागाकर्ता:
चार ठिकाणी बदल केला, विचारणाही टाकली. बटण चालतंय. ऑल्ट+एफ८ ने काढलेल्या बिलांशी ताडून पाहिलं, पैशापैशाला जुळलं. मनापासून आभार.