खोदून विचारू नका, पण वेळही घालवू नका
मुलानं आपल्यावर झालेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल काही सांगितलं की त्याच वेळी खोदून खोदून सगळं विचारून घ्यावं, नाहीतर ते पुन्हा बोलत नाही, असं या विषयावरच्या चर्चेत कुणीतरी म्हटलंय. भीती खरी आहे, उपाय चुकीचा. 'काकांनी हात लावला का?' या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं असतं. मूल मोठ्यांचा चेहरा बघून हो म्हणतं किंवा घाबरून आधीचंही मागे घेतं, आणि पुढे चौकशीत त्याच्याच बोलण्यावर शंका घेतली जाते. 'मग काय झालं?' एवढं पुरतं. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन मात्र देऊ नका, ते मोडावंच लागतं.

चर्चेत राहून गेलंय ते वेळेचं. घटना ताजी असेल तर आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. कपडे कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते आणि पुरावा खराब होतो. एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी. पाळी सुरू झालेल्या मुलीसाठी तातडीच्या गर्भनिरोधकाची मुदत १२० तासांपर्यंत. आंघोळ झाली असली तरी दवाखान्यात न्याच, तपासणी आणि उपचार तेवढ्यानं अडत नाहीत.