मदत हवी आहे: उबुंटूवर मराठी-कन्नडसोबत जपानी टायपिंग

मंडळी, खानापूरहून लिहितोय. लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ (लिनक्स) आहे, नोम डेस्कटॉप, पडद्यावरचं चित्र सांभाळायला वेलँड, इनपुटला आयबस, म्हणजे वेगवेगळ्या भाषांचं टायपिंग सांभाळणारी प्रणाली. इंग्रजी, मराठी इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांचा प्रमाण कीबोर्ड लेआउट) आणि कन्नड आधीपासून व्यवस्थित चालतंय. आता जपानी शिकतोय म्हणून आयबस-मोझ्क (आयबसवर चालणारं जपानी टायपिंगचं साधन) टाकलं, लॉगआउट करून परत आलो, सेटिंग्जमध्ये जोडलं. इथवर ठीक.

इंग्रजीवरून सुपर-स्पेसने (विंडोज कळ आणि स्पेस) मोझ्कवर गेलो आणि मेनूतून हिरागाना, म्हणजे जपानी अक्षरलिपी, निवडलं की सगळं बरोबर. रोमन अक्षरं टाईप करून स्पेस दाबली की कांजी, म्हणजे चिनी मूळची चित्राक्षरं, समोर. पण मराठीवरून थेट गेलो तर लेआउट देवनागरीच राहतो. के आणि ए दाबल्यावर हिरागानातला 'का' यायला हवा, उमटतो चक्क 'को'! इनस्क्रिप्टमध्ये त्या कळांवर क आणि ओकार आहेत, म्हणजे दुखणं कळतंय, औषध नाही.

शिवाय मोझ्क दर वेळी इंग्रजी मोडमध्येच उघडतं. जपानी कीबोर्डवर मोड बदलायला वेगळी कळ असते, आपल्याकडच्या लॅपटॉपवर ती कुठली असायला?

आयबस रीस्टार्ट केलं, भाषांचा क्रम बदलला, फरक नाही. फायरफॉक्स, लिबरऑफिस, दोन्हीकडे तेच. एफसीआयटीएक्स ५ वर (आयबसऐवजी वापरता येणारी दुसरी प्रणाली) जा म्हणाल तर जाईन, पण कन्नड बिघडता कामा नये, पंचायतीचे अर्ज त्यातच लिहायचे असतात. नेट मोबाईलचं आहे, तेव्हा नवी आयएसओ (उबुंटू नव्याने बसवायची मोठी फाईल) उतरवायला कृपया सांगू नका.

तर मोझ्कला कायमचा यूएस लेआउट लावता येतो का, आणि ते उघडताच हिरागानात यावं यासाठी नेमकी कोणती फाईल बदलायची?