जिरावर सगळे दिसते, पण कामे पूर्ण होत नाहीत

प्रश्न – देखभालवाला
आमच्या सहा जणांच्या गटाकडे एका जुन्या हिशेब-प्रणालीची देखभाल आहे. कामांची नोंद ठेवणाऱ्या ‘जिरा’ या सॉफ्टवेअरच्या फलकावर आम्ही ‘करायचे’, ‘चालू’, ‘टेस्टिंग’ आणि ‘पूर्ण’ असे चार रकाने केले आहेत. कोणाकडे काय आहे हे आता विचारत बसावे लागत नाही, एवढा फायदा निश्चित झाला; मात्र मधल्या दोन रकान्यांत मिळून कायम अठराएक कार्डे (एका कामाचे एक कार्ड) पडून असतात आणि आठवड्याला जेमतेम तीन निकाली निघतात. आणखी रकाने आणि रंगीत लेबले लावावीत, असे साहेबांचे मत आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर – चिंचवडकर
लेबलांनी फलक देखणा होईल, इतकेच. जपानी अभियंते तायइची ओनो यांनी टोयोटाच्या मोटार कारखान्यात बसवलेल्या कार्डपद्धतीचा गाभा असा होता की पुढच्या टप्प्याने माल उचलल्यावर जे कार्ड मोकळे होऊन मागे येते, त्याच्याशिवाय मागच्या टप्प्याने नवीन माल बनवायचाच नाही. हा अटकाव आपल्या फलकावर नाही. रांगांचा गणिती अभ्यास करणारे जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार, हाती असलेल्या कामांना पूर्ण होण्याच्या वेगाने भागले की एका कामाला सरासरी लागणारा काळ मिळतो. म्हणजे आपल्याकडे १८ भागिले ३, अर्थात ६ आठवडे. वेग तोच ठेवून हातातली कामे ९ वर आणलीत, तर तोच काळ ३ आठवड्यांवर येतो. रकान्याला कमाल मर्यादा घालण्याची सोय जिरात आहे. अर्थात ती ओलांडली तर रकाना फक्त लाल होतो, कार्ड अडत नाही, अडवायचे माणसांनीच.

उत्तर – रांगेतला
‘टेस्टिंग’चे ‘टेस्टिंगसाठी तयार’ आणि ‘टेस्टिंग चालू’ असे दोन भाग करून पाहावेत. बहुतेक कार्डांवर कोणी काम करत नसून ती नुसती रांगेत उभी आहेत, असे आढळण्याची शक्यता मोठी आहे. टेस्टर किती आहेत?

देखभालवाला
एकच. शिवाय क्लायंटचा फोन आला की त्याचे काम मध्येच घुसते. मर्यादा पाळायची, तर याचे काय करावे?

उत्तर – रांगेतला
मग गाडे तिथेच अडते आहे. ‘टेस्टिंगसाठी तयार’ची मर्यादा भरली की डेव्हलपरने नवे कार्ड न उचलता, दुसऱ्याने लिहिलेला बदल तपासायला बसावे, स्वतःचाच तपासू नये. ‘माणूस रिकामा बसला’ अशी कुरकुर वरून होईल, तेव्हा चिंचवडकरांचा भागाकार साहेबांना जरूर दाखवावा. तातडीच्या कामांसाठी वर एक आडवी पट्टी ठेवावी आणि तिच्यात एका वेळी एकच कार्ड राहील, असे क्लायंटशी आधीच ठरवून घ्यावे; दुसरे तातडीचे आले तर आधी कोणते, हे त्यांनीच सांगावे.

उत्तर – चिंचवडकर
सहमत. सकाळच्या बैठकीत ‘काल मी काय केले’ अशी हजेरी न घेता उजव्या टोकाकडून कार्डे वाचत यावे, म्हणजे ‘पूर्ण’च्या जवळ पोहोचलेल्या कामाकडे आधी लक्ष जाते. अडलेल्या कार्डावर ‘ब्लॉक्ड’ एवढेच न लिहिता ‘क्लायंटकडून जीएसटीचा नमुना येणे बाकी’ असे कारण तारखेसह लिहावे. मर्यादा सुरुवातीला दोन्ही रकाने मिळून बाराची ठेवा. एकदम सहावर आणलीत तर लोक फलकाबाहेर, एक्सेलमध्ये, कामे लपवू लागतात.